पोराला ‘बॅक’ला टाकलंय, आता काय?

या वेळची जवळपास सगळी पत्रं फुटबॉलमध्ये बॅकला, म्हणजे मागं बचावाला, खेळणाऱ्या पोरांची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची आहेत. फॉरवर्डच्या घरून पत्रं येत नाहीत, त्यांचं बहुधा बरं चाललेलं असतं. मी स्वतः उभा जन्म स्टॉपरला, म्हणजे गोलीच्या पुढं मधोमध उभ्या बॅकच्या जागी, खेळलो, आधी सोलापुरात, मग मुंबईला एका ऑफिसच्या टीमकडून, आणि आता पोरांना शिकवतो तेही मागचंच. तेव्हा उत्तरं बॅकच्या बाजूला झुकलेली वाटली तर वाटू द्यात.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. आतापर्यंत फॉरवर्डला खेळायचा. नवीन सरांनी त्याला एकदम मागं, स्टॉपरला टाकलं. पोरगं धड जेवत नाही. म्हणतो, ज्यांना खेळता येत नाही त्यांना बॅकला टाकतात. मी टॉवेलच्या कारखान्यात नाइट शिफ्ट करतो, मला खेळातलं काही कळत नाही. सर बदलावेत का?
– एक वडील, अक्कलकोट रोड

दादा, सर बदलू नका.

पोराच्या डोक्यात जे बसलंय ते गल्लीतल्या फुटबॉलमुळं. गल्लीत टीम पाडताना ज्याला पळता येत नाही तो मागं आणि ज्याला तेही जमत नाही तो गोली, असाच हिशेब असतो. अकरा-अकराच्या खेळात तो उलटा होतो. फॉरवर्डनं मॅचभर बॉल घालवले आणि शेवटी एक गोल मारला तर त्याला खांद्यावर घेतात. स्टॉपरनं मॅचभर बॉल काढले आणि शेवटी एकदा त्याचा पाय घसरला तर घरी जाईपर्यंत लोक त्याचंच नाव घेतात. असल्या जागेवर कुठलाही शहाणा सर कच्चं पोरगं उभं करत नाही.

एक करा. सरांना भेटा आणि भांडण न काढता विचारा, ‘माझ्या पोरात तुम्ही काय बघितलं?’ ‘उंच आहे म्हणून टाकलं’ असं म्हणाले तर ते अर्धं उत्तर झालं. ‘बॉल कुठं पडणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळतं’ असं म्हणाले तर निवांत घरी जाऊन झोपा, रात्री शिफ्ट आहे तुमची.

खेळ कळत नाही म्हणता, पण बॅक बघायला खेळ कळावा लागत नाही. मॅच असेल तेव्हा गोलच्या मागं, जाळीच्या जरा बाजूला उभे राहा. बॉलकडं बघायचंच नाही, फक्त पोराकडं. बॉल तिकडच्या गोलपाशी असताना आपलं पोरगं कमरेवर हात ठेवून उभं आहे, की दोन पावलं इकडं-तिकडं सरकतंय? मान वळवून मागं बघतंय का? चांगला स्टॉपर बॉल लांब असतानाच सारखा मागं बघून घेतो, आपला माणूस कुठं आहे ते मनात टिपून ठेवतो. मग समोरचा बॉल घेऊन अंगावर आला की बघा, हा छाती पुढं करून उभा राहतो का तिरका. तिरकंच उभं राहायला पाहिजे. एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, अंतर हातभर, नजर बॉलवर. समोरचा खांदे पाडून फसवतो, डोळ्यांनी फसवतो, पण बॉल जिथं आहे तिथंच असतो. असा उभा राहून आपला गडी हळूहळू मागं सरकत समोरच्याला लाइनीकडं नेत राहतो, हातसुद्धा न लावता. तिथं समोरच्याची जागा संपते आणि तो बॉल बाहेर घालवतो. बघणाऱ्याला वाटतं, त्याचाच बॉल सुटला. टाळी पडत नाही. तुम्ही मात्र वाजवा.

यात सोलापूरच्या पोरांना आपल्या मैदानांनी एक फायदा करून दिलाय. मुरमावर स्लाइड मारली की मांडीचं कातडं सोलून निघतं आणि पुढं आठवडाभर पँट चिकटते. त्यामुळं आपली पोरं आपोआप उभ्यानं डिफेन्स करायला शिकतात. गवतावर वाढलेली पोरं उठसूट आडवी होतात, आणि बॅक आडवा झाला की तो उठेपर्यंत टीम दहाचीच. तोटाही त्याच मुरमाचा. बॉल वेडावाकडा उसळतो म्हणून आपली पोरं तो पायाशी ठेवायला घाबरतात. दिसला की लांब हाणतात. पूर्वी ते खपून जायचं. बॅक अडचणीत आला की गोलीकडं बॉल ढकलायचा आणि गोली तो उचलून घ्यायचा. १९९२ मध्ये नियम बदलला आणि आपल्या माणसानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलीला हातात घेता येईना. २०१९ पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाच्या आतच आपल्या माणसाला देता येतो, त्यामुळं मोठ्या टीम्सचा खेळच स्टॉपरच्या पायातून सुरू होतो. तुमचं पोरगं इतकी वर्षं पुढं खेळलंय, म्हणजे बॉल पायात आला की ते घाबरत नाही. मला वाटतं सरांनी नेमकं हेच हेरलंय.

आणि तोंड. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून बोलायचं काम त्याचं. ‘मागं माणूस’, ‘वेळ आहे’, ‘चढा’, ‘सोड, माझा’. आमच्या टीमचा साइडबॅक, म्हणजे कडेचा बॅक, घरी तेलुगू बोलणारा, मधे खेळणारा हाफ कन्नड, गोली उर्दू. धांदलीत ज्याला जे लवकर कळेल ते ओरडायचं, हे सोलापूरच्या स्टॉपरला वेगळं शिकवावं लागत नाही. घरात मुकं असणारं पोरगं मैदानात ओरडायला लागलं की समजा जागा मानवली.

राहिला रुसवा. त्याला लिलियान थुरामचं सांगा. फ्रान्सचा बॅक, देशासाठी १४२ मॅच खेळला आणि सगळ्या मिळून गोल केले दोन. दोन्ही एकाच मॅचमध्ये, १९९८ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला क्रोएशियाविरुद्ध. फ्रान्स ती मॅच २-१ नं जिंकला आणि पुढं वर्ल्ड कपही. आपला जर्नेलसिंगही स्टॉपरच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच्या डोक्याला टाके पडले, तर कोच रहीमसाहेबांनी त्याला चक्क फॉरवर्डला नेलं. दक्षिण कोरियाविरुद्धच्या फायनलमध्ये त्यानं गोल मारला, भारत २-१ नं जिंकला, सुवर्णपदक मिळालं. आणि अगदी आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईचा राहुल भेके. १७ मार्च २०१९, अंधेरीच्या मैदानावर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल, बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेतलं ११७ वं मिनिट, कॉर्नर, भेकेचा हेड, १-०. बॅकला खेळणाऱ्या पोरानं फायनल मारली. मोबाइलवर दाखवा त्याला.

प्रश्न : काका, मी सतरा वर्षांचा आहे. उंची ५ फूट ७ इंच. स्टॉपरला खेळायला आवडतं, पण सगळे म्हणतात स्टॉपर सहा फुटी लागतो. खरं का?
– एक खेळाडू, जुळे सोलापूर

निम्मं खरं.

२००६ चा वर्ल्ड कप इटलीनं जिंकला तेव्हा त्यांचा कॅप्टन फाबिओ कानाव्हारो स्टॉपरला होता. उंची १.७६ मीटर, म्हणजे पाच फूट नऊच्या आसपास. त्या वर्षीचा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच मिळाला. मागं खेळणाऱ्यांत तो मान त्याच्याआधी फक्त बेकेनबाउअर आणि झामर यांना मिळालेला, आणि ते दोघेही स्वीपर, म्हणजे स्टॉपरच्याही मागं मोकळे राहणारे. अर्जेंटिनाचा लिसांद्रो मार्टिनेझ १.७५ मीटरचा, २०२२ च्या विश्वविजेत्या संघातला स्टॉपर.

पण हे लोक उंची कमी असूनही खेळले, म्हणजे बाकीचं सगळं त्यांच्याकडं दुप्पट होतं. बुटका स्टॉपर हवेतल्या बॉलला समोरच्याबरोबर उडाला तर हरतोच. त्यानं आधी उडायचं, आणि त्याच्याही आधी अंगाला अंग लावून समोरच्याची उडी मोडायची, हात न उचलता. नाहीच पोचलास तर दोन पावलं मागं सरून खाली पडणारा बॉल घ्यायचा. हे एका दिवसात येत नाही, आणि आलं तरी ट्रायलला उभा असलेला माणूस आधी उंचीच बघतो, ही इथली रीत आहे. म्हणून सोबत साइडबॅकही शीक. डावा पाय चालत असेल तर आजच शीक, डाव्या पायाचे साइडबॅक सगळीकडं कमी असतात. आणि उंचीचं म्हणशील तर लिव्हरपूलचा व्हॅन डाइक तुझ्याच वयाच्या आसपास एकदम वाढला. त्या दिवसांत तो नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावातल्या एका हॉटेलात भांडी घासायचा. २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलनं त्याच्यासाठी साडेसात कोटी पौंड मोजले.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, बॅकला खेळतो. सर रोज हेडिंग घेतात. घरी आल्यावर कधी कधी डोकं दुखतं म्हणतो. मोबाइलवर बघितलं की हेड मारून म्हातारपणी विसरायला होतं. घरचे मालक म्हणतात काही होत नाही. खेळ बंद करू का?
– एक आई, विडी घरकुल

ताई, खेळ बंद करू नका. हेडिंग मात्र आजपासून बंद. डोकं दुखतं म्हणतोय तोवर एकही हेड नाही, आणि एकदा सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवून या. चष्म्याचा नंबरही निघू शकतो, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

मोबाइलवर जे बघितलंत ते उगीच उठवलेलं नाही. ग्लासगो विद्यापीठानं स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मोठा अभ्यास केला, २०१९ मध्ये तो बाहेर आला. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर माणसांच्या साडेतीन पट निघालं. दोन वर्षांनी त्याच लोकांनी जागेप्रमाणं हिशेब केला. गोली जवळजवळ सामान्य माणसासारखे, आणि सगळ्यात जास्त धोका बॅकला, साधारण पाच पट. का, ते तुम्हालाही सुचेल. लांबून आलेला प्रत्येक उंच बॉल पहिल्यांदा आमच्या डोक्यावर पडतो. हे सगळे आयुष्यभर व्यावसायिक खेळलेले लोक होते आणि जुन्या काळातले, हेही धरा. शाळेत चार वर्षं खेळलेल्या पोराला हा आकडा लावू नका.

तरी तिकडच्या लोकांनी तो मनावर घेतला. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांना सरावात हेडिंग नाही. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्यांना त्याआधीपासूनच बंद. इंग्लंडमध्ये मोठ्या व्यावसायिक खेळाडूंनासुद्धा जोरात येणाऱ्या बॉलचे हेड सरावात आठवड्याला दहाच मारा, असं सांगितलंय. आणि आपल्याकडं बारा वर्षांच्या पोराला रोज? सरांना हे पान दाखवा. माझं नाव सांगा, रागावले तर माझ्यावर रागावतील.

बाराव्या वर्षी शिकवायचंच असेल तर हलका बॉल, दोन हात अंतरावरून हातानं टाकलेला, पाच-सहा वेळा, तेही आठवड्यातून एकदा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, हनुवटी आत, मान ताठ, बॉल कपाळाच्या मधोमध. टाळूवर घेतलेला बॉल दुखतो आणि कुठंही जातो.

धोका नुसत्या बॉलचाही नाही. बॅकच्या डोक्याला जोराचा मार लागतो तो दुसऱ्याच्या डोक्याचा नाहीतर कोपराचा. तसं झालं आणि पोरगं बावचळल्यासारखं बघायला लागलं, स्कोअर काय ते आठवेना, मळमळलं, चालताना तोल गेला, तर त्या दिवशी परत खेळायचं नाही. पाणी मारून उभं केलं तरी नाही. वर जर्नेलसिंगची गोष्ट सांगितली, पण ती टाके पडलेल्या माणसाची आणि १९६२ ची. आता नियमातच अशा खेळाडूसाठी वेगळा बदली खेळाडू ठेवायची सोय आहे.

तुमच्या मालकांना एवढंच सांगा की काही होत नाही म्हणणारे मीही पुष्कळ बघितलेत, सगळे फॉरवर्ड होते.

प्रश्न : भाचा १६ वर्षांचा, चांगला स्टॉपर आहे. पुण्याला एका ट्रायलला घेऊन गेलो होतो. तिथल्या एजंटानं सांगितलं, स्पेनच्या क्लबला बॅक पाहिजेत, साडेतीन लाख भरा, तीन महिन्यांत करार. मेहुण्यानं सोसायटीतून कर्ज काढायची तयारी केलीय. काय करू?
– एक मामा, होटगी रोड

कर्ज थांबवा. आजच फोन करा त्यांना, पुढचं नंतर वाचा.

वाचताय? आता ऐका. फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियम आहे की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात क्लब बदली होत नाही. सवलती थोड्या आहेत. आई-वडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं तिकडं राहायला गेले असतील तर, युरोपातल्या युरोपात सोळा ते अठराच्या मधे, किंवा देशाच्या सीमेला लागून घर असेल तर. होटगी रोड यातल्या कशातच बसत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी ‘तीन महिन्यांत करार’ ही थाप. साडेतीन लाखांत फार तर तिकडच्या एखाद्या खासगी अकॅडमीत फी भरून राहणं मिळेल, आणि ती कुणाच्याही पोराला मिळते, बॅक असो नाहीतर नसो. हा धंदा आता सरळसरळ चालतो. क्लबला खेळाडू हवा असला की क्लब पैसे देतो. मागत नाही.

अशा ट्रायल मी बघितल्यात. भाड्याचं टर्फ, नवे कोरे बिब, तीस पोरं आणि खुर्चीत बसलेला एक गोरा माणूस. वही त्याच्या मांडीवर असते, पण पेनाचं टोपण निघत नाही. शेवटी आठ जणांची निवड होते आणि ते आठ जण कोण, तर ज्यांचे बाप गाडीतून आले होते ते.

एजंटला फिफाचा परवाना लागतो, त्याची परीक्षा असते, आणि अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांची लेखी संमती लागते. त्या माणसाकडं परवाना मागा. मला वाटतं त्यानंतर त्याचा फोन लागणार नाही.

युरोप किती अवघड आहे ते संदेश झिंगनवरून बघा. भारताचा पहिल्या पसंतीचा स्टॉपर, २०२० चा अर्जुन पुरस्कार. २०२१ मध्ये क्रोएशियाच्या क्लबनं त्याला सही करून नेलं. तिकडं पोटरी दुखावली आणि तिथल्या लीगची एकही मॅच न खेळता तो काही महिन्यांत परत आला. खेळाडूत खोट नव्हती. तिकडं टिकायला लागतात त्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात, आणि तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा तयार गडी होता.

मग भाच्यानं काय करायचं? पहिलं, ज्या क्लबकडून खेळतो त्या क्लबमार्फत त्याची भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी झालीय का ते बघा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हीवर एकच तारीख पाहिजे. आपल्याकडं अर्ध्या पोरांचा जन्म १ जूनला झालेला असतो, ते नंतर नडतं. वय चोरायचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा, मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. दुसरं, शाळेकडून सुब्रतो कप, शाळांची फुटबॉल स्पर्धा. जिल्ह्याची स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं, तिथून विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. तिथं बघायला येणारे लोक खरे असतात. तिसरं, पुण्या-मुंबईच्या क्लबांच्या ट्रायलची जाहिरात क्लबच्या स्वतःच्या पानावर असेल तरच जा. पुण्याला तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं येता येतं. साडेतीन लाख कुठं आणि ते तिकीट कुठं.

पैसे खर्चायला हात शिवशिवत असेल तर ईसीजी आणि टूडी एको या हृदयाच्या तपासण्या करून घ्या. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या डिफेन्सला अन्वर अली होता. २०१९ मध्ये त्याच्या हृदयाच्या स्नायूचा विकार तपासणीत सापडला आणि खेळ थांबला. कोर्टापर्यंत गेलं. पुढं तो परत खेळायला लागला, भारताकडून खेळला, पण कळलं म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली खेळता आलं. मैदानात कळण्यापेक्षा दवाखान्यात कळलेलं बरं.

प्रश्न : मी बारावीत, कॉलेजच्या टीममध्ये साइडबॅक. मैत्रिणीच्या गुडघ्याचं एसीएल (आतलं लिगामेंट) तुटलं तेव्हापासून टॅकल करायची भीती वाटते. मुलींना हे जास्त होतं का?
– एक खेळाडू, कुमठा नाका

हो, जास्त होतं. मुलींच्या फुटबॉलमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून जास्त सापडलंय. पण ते बहुतेक वेळा टॅकलमध्ये तुटत नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पळता पळता एकदम थांबणं, पाय रोवून वळणं, उडी मारून एका पायावर गुडघा आत पडेल असं उतरणं, यात ते जातं. समोर कुणी नसतानासुद्धा. आणि बॅकचं सगळं काम थांबणं आणि वळणं हेच.

‘फिफा ११ प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा. पळणं, एका पायावर तोल, उड्या, मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम. आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं केला तर दुखापती खरंच कमी होतात, हे अभ्यासातून दिसलंय. फुकट आहे, चित्रांसकट मिळतो. सरांना सांगून सगळ्या टीमला लावा. उडी मारून उतरताना मैत्रिणीला समोरून व्हिडिओ काढायला सांग. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत पाहिजे, आत गेला तर आधी तो सुधार.

आणि भीती घेऊन टॅकल करू नकोस. अर्ध्या मनानं घातलेला पाय जास्त दुखावतो. आपल्या मुली २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच घरी हरवून आशिया कपला पात्र झाल्या, तेव्हा कॅप्टन होती स्वीटी देवी, स्टॉपर. तिच्याआधी वर्षानुवर्षं कॅप्टन होती आशालता देवी. तीही स्टॉपर. बघ त्यांच्या मॅच, पाय कधी घालतात आणि कधी नुसतं उभं राहतात.

प्रश्न : नातू एकोणीस वर्षांचा, पुण्यात एका क्लबकडून बॅकला खेळतो. मी रेल्वेतून निवृत्त. मला वाटतं त्यानं स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी धरावी, तो म्हणतो आधी करार. बॅकची कारकीर्द किती वर्षांची असते? ता. क. त्याचा धाकटा भाऊही खेळतो, त्याला मुरमावर कुठले शूज घ्यावेत?
– एक आजोबा, रेल्वे लाइन्स

आजोबा, मागं खेळणारा उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो. फॉरवर्डचा वेग गेला की तो संपला. बॅकचा वेग गेला तरी नजर राहते. इटलीतल्या मिलान क्लबचा माल्दिनी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी पहिली मॅच खेळला आणि २००९ मध्ये चाळिशीत थांबला, एकाच क्लबसाठी ९०२ मॅच. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत ४१ व्या वर्षी खेळला. हे झाले अपवाद. आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडतं, ते अनस एडथोडिकाचं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला, पोरवयात रिक्षा चालवलेला. क्लबांकडून वर्षानुवर्षं खेळत राहिला आणि भारताकडून पहिली मॅच खेळला तेव्हा तीस वर्षांचा होता, २०१७ मध्ये. त्याच वर्षी आयएसएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी खेळाडू निवडून घेण्याच्या फेरीत, जमशेदपूरनं त्याला १ कोटी १० लाखांना घेतलं. त्या ड्राफ्टमधली ती सगळ्यात वरची किंमत होती. तुमचा नातू एकोणीसचा आहे. बॅक म्हणून तो अजून हिरवाच आहे.

पण तुमचंही चुकत नाही. २०२५ च्या जुलैत आयएसएलच थांबवली, कारण फेडरेशनचा ज्या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार होता तो डिसेंबरात संपणार होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. क्लबांनी सराव बंद केले, काहींनी पगार थांबवले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची ही गत, तर खालच्या क्लबांचं काय सांगावं. करार म्हणजे हंगामापुरती भाकरी, हे त्याला कळू द्या.

मी तुमच्या जागी असतो तर भांडत बसलो नसतो. बावीस-तेविसापर्यंत त्याला करार करू द्या, पदवी मात्र सोडू देऊ नका, बाहेरून का होईना पुरी करायची. विद्यापीठाकडून आणि राज्याकडून खेळायची एकही संधी दवडायची नाही, कारण कोट्याला तेच लागतं. क्लबची मॅच कितीही मोठी असली तरी भरतीला तिचा उपयोग होईलच असं नाही. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पद जितकं वरचं तितकी स्पर्धा मोठी लागते, आणि प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. ही पडताळणी विभागाच्या उपसंचालकांकडं होते, आपला विभाग पुणे. नातू पुण्यातच आहे, तर जाहिरात निघायची वाट न बघता आत्ताच कागद घेऊन जाऊ दे. जाहिरात निघाल्यावर तिथं केवढी रांग लागते ते मी सांगायला नको, तुम्ही रेल्वेत होता.

करारावर सही करताना एकच कलम नीट वाचायला सांगा. खेळताना दुखापत झाली तर ऑपरेशन कुणाच्या पैशानं, आणि तेवढे महिने पगार चालू का बंद. बॅक खेळणारा गुडघ्यानं जातो. हे कलम कागदावर नसेल तर ‘आम्ही बघू की’ या तोंडी शब्दावर सही नको. आणि कराराची प्रत घरी तुमच्याकडं राहू द्या, पोरं हरवतात.

धाकट्याला लांब स्टडचे घेऊ नका. कडक जमिनीत ते रुतत नाहीत, सगळा भार दोन-चार टोकांवर येतो आणि टाच नाहीतर घोटा दुखायला लागतो. खाली रबराच्या बारक्या, पुष्कळ गुठळ्या असलेले घ्या, टर्फचे म्हणून मिळतात. बोटापुढं अंगठ्याएवढी जागा नको, तेवढ्यानं पाय आत सरकतो. मोजा घालून अर्ध्या बोटाची पुरे. पांढरे मागेल, घेऊ नका, आपल्या मातीत एका दिवसाचे आहेत ते.